ताईसाठी माईक

माझ्या मामाची कंबर दुसऱ्यांच्या आवाजापायी गेली. स्पीकरची ती काळी खोकी टेम्पोतून उतरवायची, हॉलच्या मागच्या जिन्याने वर चढवायची, आणि कार्यक्रम झाला की त्याच जिन्याने खाली आणायची. तरुणपणी तो एकेक खोकं एकटा खांद्यावर घ्यायचा. चाळिशी उलटल्यावर दोघांत एक घ्यायला लागला. पन्नाशीनंतर नुसतंच 'जरा डावीकडून, जरा डावीकडून' म्हणत मागे चालायला लागला. ऑर्केस्ट्रातले लोक त्याला हॅलोशेठ म्हणत. कार्यक्रमाआधी रिकाम्या हॉलमध्ये एकेक माईक तोंडाशी धरून तो 'हॅलो, हॅलो, चेक' एवढं बोलायचा आणि उरलेला दिवस तोंड उघडायचा नाही, म्हणून.

त्याच ऑर्केस्ट्रात माझी आई गायची. ती त्याची मोठी बहीण. तो तिला ताई म्हणतो, ती त्याला धाकट्या. कंपन्यांची संमेलनं, हॉटेलातल्या मेजवान्या, कुणाच्या निवृत्तीचा समारंभ, जिथून बोलावणं येईल तिथे ती जायची. बाबा गेल्यावर आमचं घर तिच्या गळ्यावर चाललं. गाणी जुनीच, तीच ती, लोकांना हवी तशी. कुणी तिला विचारलं, तुमचं आवडतं गाणं कुठलं, की ती म्हणायची, "शेवटचं. ते झालं की चपला घालायला मिळतात."

मामाने तिच्यासाठी एक माईक वेगळा ठेवला होता. हातात धरायचा, स्टेजवरचा साधा डायनॅमिक माईक. डायनॅमिक म्हणजे काय हे त्याने मला लहानपणीच एक बिघडलेला माईक खोलून दाखवलं होतं. आत एक पातळ पडदा, पडद्याला चिकटलेली बारीक तारेची गुंडाळी आणि मधोमध लोहचुंबक. आवाजाने पडदा हलतो, त्याबरोबर गुंडाळी हलते आणि चिमूटभर वीज तयार होते. "दणकट जात आहे ही," तो म्हणाला होता. "पडू दे, घाम लागू दे, कुणी तोंडात घालू दे, काही होत नाही. फक्त जवळ येऊन बोलावं लागतं. लांबून बोललेलं याला ऐकू येत नाही." मग "माझ्यासारखंच," असं स्वतःशीच म्हणाला. स्पीकरशेजारी उभं राहून राहून त्याचा उजवा कान तेव्हाच मंदावायला लागला होता.

आईच्या आवाजात काही बिघडतंय हे आधी कुणालाच कळलं नाही, तिलाही नाही. तिचा घसा नेहमीच बसलेला असायचा. मामाच्या लक्षात आलं ते मिक्सरवर. तिच्या माईकचा आवाज वाढवायची पट्टी त्याला दर कार्यक्रमात थोडी थोडी वर सरकवावी लागत होती. वर सरकवली की माईक शिट्टी मारायचा, खाली घेतली की ती वाद्यांत बुडून जायची. माईक म्हातारा झाला, असं त्याने ठरवलं.

मग नवा माईक आला. तोही डायनॅमिकच, पण जरा वेगळ्या स्वभावाचा. हा अगदी समोरचंच ऐकायचा आणि बाजूचं सोडून द्यायचा. त्यामुळे वाद्यांचा गोंगाट कमी शिरायचा आणि आवाज जास्त वाढवता यायचा. पण याच्यापुढून तोंड बोटभर जरी हललं तरी आवाज पडायचा. आई तर गाताना कधी पहिल्या रांगेकडे वळायची, कधी तबलेवाल्याकडे बघून हसायची. अर्ध्या ओळी हवेत जायच्या. शिवाय याला थोडंसं मागूनही ऐकू यायचं. गायकाच्या पायाशी असणारा स्पीकर जुन्या माईकला नेमका पाठीमागे चालायचा, याला तो तिरका ठेवावा लागायचा. मामा दर कार्यक्रमात वाकून तो स्पीकर सरकवायचा आणि कंबर धरून उठायचा.

"धाकट्या, मला माझा जुनाच दे बाबा," आई म्हणाली. "याच्यापुढे फोटो काढायला बसल्यासारखं मान धरून उभं राहावं लागतं."

एका दुपारी कार्यक्रमाच्या आधी मामाने दोन्ही माईक शेजारी शेजारी लावले. मी त्या दिवशी आईचा डबा घेऊन गेले होते. त्याने तिला दोन्हींवर एकच ओळ गायला लावली. मग तीच ओळ ऑर्केस्ट्रातल्या दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतली. मग स्वतः दोन्हींवर हॅलो हॅलो केलं. पट्ट्या होत्या तिथेच ठेवल्या होत्या. दुसऱ्या गायिकेचा आवाज दोन्हींतून खणखणीत आला. त्याचा स्वतःचाही आला. माईकच्या जाळ्या काढून त्याने पुसल्या, केबल बदलली, पुन्हा एकदा सगळं केलं. मग मिक्सरमागच्या खुर्चीत बसला.

आई स्टेजवरून म्हणाली, "काय झालं? गेला का माईक?"

"नाही ताई. माईक चांगला आहे."

"मग?"

"मग उद्या डॉक्टरकडे जाऊ."

त्यानंतरचे दिवस मला नीट वेगळे आठवत नाहीत. सगळे एकच लांब बाक होते असं वाटतं. कान-नाक-घशाच्या विभागाबाहेरचा तो बाक, भिंतीवरचं घड्याळ, दर थोड्या वेळाने दार उघडून नाव पुकारणारी नर्स. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. अर्धा दिवस दुकान, अर्धा दिवस तो बाक. मामा सकाळीच येऊन आईशेजारी बसायचा आणि बसल्या बसल्या पेंगायचा. नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला, पुन्हा बोलावलं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी शब्द फिरवले नाहीत. गाठ स्वरयंत्रात होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. जीव वाचेल, श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल, आणि पूर्वीसारखं बोलता येणार नाही.

आईने फक्त एवढंच विचारलं, "गाणं तर जाणारच, नाही का?"

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"त्याचं काही नाही," आई म्हणाली. "त्याचा मला कंटाळाच आला होता. पण बसवाल्याला थांब म्हणून हाक कशी मारायची?"

बाहेर आल्यावर ती पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसली. मामा पाणी आणायला गेला तो इतका वेळ आलाच नाही, की शेवटी मीच त्याला शोधायला गेले. तो नळाशी उभा होता. बाटली भरून वाहत होती.

वाचेचे उपचार करणाऱ्या एक बाई त्याच मजल्यावर बसत. त्यांनी पुढची वाट सांगितली. ऑपरेशनच्या आधी आईच्या आवाजात बरीच वाक्यं रेकॉर्ड केली, तर त्यावरून फोनमध्ये तिच्यासारखा आवाज तयार करता येतो. पुढे ती टाईप करेल आणि फोन बोलेल. मात्र रेकॉर्डिंग स्वच्छ हवं, मागे पंखा नको, घुमणं नको. जुन्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं चालतील का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, मागे वाद्यं असली तर उपयोग नाही, आणि गाणं नको, बोलणं हवं. आमच्याकडे आईची गाणी ढीगभर होती. बोलणं कुणी कशाला रेकॉर्ड करून ठेवतंय?

"साध्या फोनवर केलंत तरी चालेल," बाई म्हणाल्या. "मुद्दा लवकर करण्याचा आहे."

मामाला हे ऐकू गेलं नाही, किंवा त्याने जाऊ दिलं नाही. बहिणीचा आवाज एकदाच घ्यायचा, आणि तो फोनवर? त्याचा एक जुना मित्र रेकॉर्डिंगची खोली चालवायचा. त्याच्याकडून मामा दोन माईक मागून घेऊन आला. माझ्या खोलीतली कपाटाची दारं त्याने उघडी टाकली, गादी भिंतीला उभी केली, खिडकीला रजया टांगल्या. पंखा बंद आणि फ्रिजची पिन काढलेली. खोलीत मिनिटाभरात घाम फुटायचा.

पहिला माईक कंडेन्सर होता, नाजूक, ज्याला वेगळी वीज पुरवावी लागते. त्याने आईचा आवाज फार सुंदर घेतला. पण त्याबरोबर वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, रस्त्यावरची मोटार आणि माझ्या पोटात झालेली गुडगुडही घेतली. रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत तो राजा असेल, आमच्या घरात तो चहाडखोर होता.

दुसरा डायनॅमिक होता, पण स्टेजवरचा नव्हे. रेडिओवर बोलणारे लोक वापरतात तसला, जाडजूड, भल्या मोठ्या स्पंजाचा, स्टँडवर बसवायचा. मामा त्याच्या प्रेमात पडला. स्टेजचा माईक मुद्दाम आवाजाला थोडी धार देतो, गोंगाटातून शब्द बाहेर यावेत म्हणून. हा तसं काही करत नव्हता. जसं आहे तसं द्यायचा, आणि बाहेरचं फारसं आत येऊ द्यायचा नाही. अडचण एकच होती. त्याचा आवाज फार बारीक निघायचा. मामाच्या जुन्या मिक्सरवर तो पुरेसा वाढवला की आईच्या मागे सतत 'स्स्स' असं ऐकू यायचं, शेजारी कुणी कांदे परतत असावं तसं. मग मामा मित्राकडे जाऊन आवाज वाढवायचं दुसरं यंत्र घेऊन आला. मग माईक तिच्या तोंडापासून चार बोटांवर, मग वीतभर, मग थोडा वर, थोडा तिरका. जवळ आणला की आवाज भरदार व्हायचा, पण प, फ, ब आले की धप् व्हायचं. लांब नेला की खोली ऐकू यायची.

"ताई, परत एकदा."

"आज हवा कोरडी आहे. कृपया दरवाजा लावा."

"परत एकदा, जरा डावीकडे तोंड करून."

"आज हवा कोरडी आहे. कृपया दरवाजा लावा. आणि खिडकी उघडा, माझा जीव जातोय."

बाईंनी दिलेल्या वाक्यांच्या यादीत असलंच सगळं होतं. आई पहिल्यांदा हसायची, नंतर नंतर हसेना. मी हेडफोन लावून दोन्ही ऐकायचे. मामा विचारायचा, "हा बरा की तो बरा?" माझ्या दुकानात मी हेच दिवसभर गिऱ्हाइकांना विचारत असते, काचा बदलून बदलून. चार-पाच काचांनंतर माणूस थकतो आणि काहीही सांगतो. मीही तसंच सांगायचे. मामा पुन्हा सगळं खोलायचा आणि पुन्हा जोडायचा. असे किती दिवस गेले. एकही वाक्य पक्कं झालं नाही. नुसती तपासणी चालली होती.

आणि एका सकाळी आईचा आवाज उठलाच नाही. तोंड उघडलं, ओठ हलले, नुसती हवा आली.

मामा आला तेव्हा मी दारातच उभी होते. त्याच्या खांद्यावर आणखी एक केबलचं वेटोळं होतं.

"आता कुणाला तपासणार आहेस?" मी म्हटलं. "संपवलास तू तो. फोनवर घ्या म्हणाल्या होत्या त्या बाई. पहिल्याच दिवशी घेतला असता तर आतापर्यंत सगळं झालं असतं. तुला माईक पाहिजेत, मामा. तुला आई नकोय."

तो एक पायरी खाली उतरला आणि जिन्यातच बसला. केबल खाली ठेवली नाही. मी इतकं बोलल्यावर तो चिडेल, निदान हात झटकून निघून जाईल असं मला वाटलं होतं. तो खूप थकलेला दिसला, खोकी वाहून आल्यावर दिसायचा त्यापेक्षाही.

"एकदा चांगलं रेकॉर्ड झालं की ते शेवटचंच ना," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. खालच्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन वर येत होत्या. त्यांना वाट द्यायला आम्ही दोघंही भिंतीला चिकटलो. "बरं आहे ना घरी?" त्यांनी विचारलं. "बरं आहे," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

आवाज तीन-चार दिवसांनी परत आला. पूर्वीचा नव्हता. बारीक, मधेच फाटणारा, पण शब्द कळत होते. आई गरम पाणी पीत होती, गप्प राहत होती, खुणांनी भांडी घासायला सांगत होती. ज्या दिवशी तिला बोलता आलं त्या दिवशी तिनेच मामाला बोलावून घेतलं. तो आला, रजया टांगल्या, जाडजूड माईक स्टँडवर चढवला.

"हा काढ," आई म्हणाली. "माझा दे."

"ताई, तो हातात धरलास की बोटांची खसखस येते. तोंडाला लावून बोलतेस, सगळं घुमतं. रेकॉर्डिंगसाठी हा..."

"या जाड्यासमोर मला परीक्षेला बसवल्यासारखं होतं. हात कुठे ठेवू तेच कळत नाही. तो हातात असला की समोर माणसं बसलीयेत असं वाटतं. तू बस समोर."

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. त्याने स्टँड बाजूला केला, बॅगेतून तिचा जुना माईक काढला, जाळी पुसून तिच्या हातात दिला. मिक्सरवर खालचे जाड सूर उतरवले. पट्टी वर घेतली. हॅलो, चेक त्याने म्हटलं नाही, तिलाच म्हणू दिलं.

मग ती जी बोलायला लागली ती तशीच बसून, एक पाय दुमडून, डावा हात हवेत. तीच ती कोरड्या हवेची आणि दरवाजांची वाक्यं, पण आता ती कुणाला तरी सांगत होती. थकली की थांबायची. मामा बटण दाबून थांबायचा, घाई करायचा नाही, परत एकदा म्हणायचा नाही. मधेच एखादं वाक्य फाटलं तरी तो ते ठेवून द्यायचा. यादी संपल्यावर काय, असं आईने विचारलं. मनचं काहीही बोला, असं बाईंनी सांगितलं होतं. तर तिने यादी अर्ध्यातच सोडून आम्हाला शिव्या दिल्या. सगळ्या. जपून ठेवण्यासारख्या, एकामागून एक, स्पष्ट उच्चारांत. मामाचे खांदे हलत होते आणि हसताना आवाज होऊ नये म्हणून त्याने टॉवेल तोंडात कोंबला होता.

यादी मात्र पुरी झालीच नाही. इस्पितळात जागा लवकर मिळाली आणि त्यांनी ऑपरेशन अलीकडे ओढलं. जेवढं झालं होतं तेवढं मी बाईंकडे पाठवून दिलं. त्यांनी कळवलं, थोडं घुमतंय, आवाजही बसलेला आहे, पण काम होईल.

ऑपरेशन नीट झालं. नंतरचं बरं होणं मात्र फार सावकाश होतं. गळ्याचं छिद्र साफ करणं, ओलसर कापड बांधणं, नळीतून जेवण, रोज थोडं चालणं. मी दुकानातली रजा संपवली, मग उसनी घेतली, मग तीही संपली. मामा कार्यक्रम असला की टेम्पोबरोबर जायचा, नसला की आमच्याकडे येऊन बसायचा. ऑर्केस्ट्राला नवी गायिका मिळाली होती. बरी गाते, असं तो म्हणाला.

फोनमधला आवाज तयार होऊन आला तेव्हा आई घरी आली होती. तिने पहिलं वाक्य टाईप केलं, चष्मा वर सरकवला आणि बटण दाबलं. "मला भूक लागली आहे," फोन म्हणाला. तो आवाज तिचा होता, यात शंका नव्हती. तो किंचित घोगरा कणही होता त्यात. पण ती हॉटेलच्या दारात उभी राहून पाहुण्यांचं स्वागत करतेय असं वाटत होतं. मग आईचं पोट हलायला लागलं. हसण्याचा आवाज आता येत नव्हता, फक्त गळ्यावरचं कापड भराभर हलत होतं. तिने पुन्हा टाईप केलं. "ही बाई कोण?"

मामा मान खाली घालून म्हणाला, "त्या जाड्या माईकवर घेतला असता तर आणखी बरा आला असता." आईने उशी उचलून त्याला मारली.

घरात ती तो आवाज फारसा वापरत नाही. आमच्याशी ओठ हलवून बोलते, टाळी वाजवते, भुवया उडवते, आणि आम्हाला सगळं कळतं, काही वेळा नको तेही. फोनचा आवाज बाहेरच्यांसाठी. बसमध्ये, दुकानात, इस्पितळात. तो ऐकून लोक आधी फोनकडे आणि मग तिच्याकडे बघतात. त्यानेही ती थकते. टाईप करणं सोपं नाही, तिची बोटं जाड आहेत आणि फोन मनचेच शब्द घुसडतो. काही दिवस ती फोन पर्समधून काढतच नाही.

मामाने स्टेजचं काम कमी केलंय. कंबरेमुळे आता टेम्पोत नीट बसवत नाही. एका सभागृहात त्याला कायमचं काम मिळालंय. तिथे स्पीकर भिंतीतच बसवलेत, काही वाहावं लागत नाही. भाषणं असतात, बक्षीस समारंभ असतात. माईक उंचीला लावायचा, बोलणारा लांब उभा राहिला की पुढे या अशी खूण करायची, आणि बसायचं. दुपारी सभागृह रिकामं असतं. तेव्हा तो आईला फोन लावतो. रोज लावतो. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की बघते, आई फोन समोर धरून बसलेली असते आणि एकेक अक्षर शोधून टाईप करत असते. ती काही बोलत नाही, पलीकडून मामाही काही बोलत नाही. मधेच फोन एखादं वाक्य बोलतो आणि पुन्हा शांतता.

एकदा मी त्याला विचारलं, "एवढा वेळ काय बोलता रे तुम्ही?"

"काही नाही," मामा म्हणाला. "ती टाईप करते तोवर मी थांबतो. फार वेळ लागतो तिला. मधेच माझा डोळा लागतो कधीकधी."

"मग?"

"तिला कळतं ते. मग ती फोनचा आवाज मोठा करते."